गुणांचा रिकामा रकाना

पात्रता फेरीची भानगड या आठवड्यात सोडवतो असं कबूल केलं होतं. ती पुढच्या वेळेवर ढकलतो, कारण टेनिसपटू अंकिता रैनाच्या एकेरीच्या तक्त्यातून मुलुंडच्या एका वाचकाने नेमका खडा वेचलाय. फेब्रुवारी 2018, दिल्ली, फेड कप. चीनच्या झू लिनवर 6-3, 6-2. मग कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेवावर 6-3, 1-6, 6-4. दोघीही क्रमवारीत तिच्या कितीतरी पुढे. आणि गुणांचा रकाना कोरा. ‘छपाईत राहून गेलं का?’

राहून गेलेलं नाही. फेड कपमध्ये (2020 पासून त्याचं नाव बिली जीन किंग कप) खेळाडू देशासाठी उतरते आणि महिला टेनिसची संघटना डब्ल्यूटीए त्या सामन्यांना क्रमवारीचे गुण देतच नाही. त्यातून भारत त्या दोन्ही लढती हरला, म्हणजे सांघिक निकालातही हे विजय बुडाले. पुतिन्त्सेवासारखी चिवट बाई मधला सेट 6-1 असा हिसकावून घेते, तेव्हा बहुतेक जणी तिसऱ्यात ढेपाळतात. अंकिताने तिसरा सेट काढला. मिळकत शून्य!

लगेच पुढच्या महिन्यात ग्वाल्हेर. पंचवीस हजार डॉलरची आयटीएफ स्पर्धा, अंतिम फेरीत फ्रान्सच्या अमांदीन एसवर 6-2, 7-5. जिंकणारीला 50 गुण. एप्रिलमध्ये अंकिता पहिल्या दोनशेत. पुण्यात हेमंत बेंद्रेंच्या हाताखाली तयार झालेल्या या मुलीची वर चढण्याची शिडी अशी ग्वाल्हेरसारख्या गावांतून जाते. दिल्लीचा पराक्रम त्या हिशेबात धरलाच जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालेंबांगला आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. सानिया मिर्झानंतर असं पदक मिळवणारी ती पहिलीच भारतीय महिला. गुण? पुन्हा काही नाही.

लिअँडर पेसचंही तेच. अटलांटा 1996, मेलिजेनीवर 3-6, 6-2, 6-4 आणि कांस्यपदक. पण तेव्हा ऑलिंपिकला एटीपीचे गुण नव्हते. ते पुढे 2000 पासून 2012 पर्यंत मिळाले आणि मग बंद झाले. डेव्हिस कपचं गुणप्रकरणही 2009 ते 2015 एवढंच चाललं.

माझ्या मते गुण न देणंच बरोबर. देशाच्या संघात जागा मिळणं खेळाडूच्या हाती नसतं. अमेरिकेत भल्याभल्या मुलींना घरी बसावं लागतं, आपल्याकडे दोनशेच्या बाहेरची मुलगीही एकेरीला उतरते. अशा सामन्यांवर क्रमवारी बांधली, तर ती जन्माच्या देशावर ठरेल. मात्र तक्ता वाचणाऱ्याने गुणांच्या रकान्याला भुलू नये. माझ्या वहीत अशा विजयांपुढे लाल शिसपेन्सिलीचा ठिपका असतो. 2018 च्या पानावर अंकिताचे सगळ्यात ठळक ठिपके दिल्लीचे आहेत, ग्वाल्हेरचा एकही नाही.

मुलुंडच्या याच वाचकाने नोव्हेंबर 2017 च्या मुंबई ओपनबद्दलही विचारलंय. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टवर अंकिता उपांत्यपूर्व फेरीत पोचली होती. त्याचे गुण मिळाले, आणि बावन्न आठवड्यांनी गेलेही. ते कसे जातात हे पात्रता फेरीबरोबरच घेऊ, नाहीतर दोनदा सांगावं लागेल.