एआयने लिहिलेला कोड तपासणार कोण?

जून 2021 मध्ये गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय साधन चाचणीसाठी खुलं झालं तेव्हा ते पुढच्या काही ओळी किंवा फार तर एखादं फंक्शन सुचवायचं, बस्स. आज कर्सरसारखा एडिटर अख्खा प्रकल्प चाळून अनेक फायली एका दमात बदलतो. क्लॉड कोड हे साधन टर्मिनलमध्ये स्वतःच चाचण्या चालवून चुका दुरुस्त करत बसतं. मग ‘यातलं सगळ्यात भारी कोणतं?’ अशी विचारणा होणारच. माझ्या मते त्याआधी पाहायचं ते वेगळंच: यंत्राने लिहिलेलं वाचून त्यातली खोट तुम्हाला ओळखता येते का?

हे का महत्त्वाचं, ते कळण्यासाठी दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये छोटा सर्व्हर पहिल्यापासून लिहायला सांगितला होता. कोपायलट वापरणाऱ्यांनी तो सुमारे 56 टक्के कमी वेळात उरकला. 2025 मध्ये अमेरिकेतल्या मेटर या संस्थेने 16 मुरलेल्या प्रोग्रामरांची परीक्षा घेतली. त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पांतलीच 246 कामं निवडली. कुठल्या कामात एआय वापरायचं आणि कुठल्या नाही, हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं. एआयची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला! आणि काम संपल्यावरही या मंडळींना वाटत होतं की आपला वेळ 20 टक्के वाचला. प्रकल्पाचे अलिखित संकेत त्यांना पाठ होते, यंत्राला नव्हते. त्यामुळे त्याने दिलेलं वाचणं, टाकून देणं, डागडुजी करणं यात वेळ गेला. साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, पण स्वतःच्या वेगाबद्दलचा अंदाज फसवा असतो हे विसरू नये.

म्हणून जुना, मोठा प्रकल्प सांभाळणाऱ्याने स्वतःहून काम करणाऱ्या साधनाला, म्हणजे एजंटला, लहान, चाचणी करता येण्याजोगी कामं द्यावीत. काही नवं, छोटं पहिल्यापासून उभारायचं असेल तर मात्र हात सैल सोडायला हरकत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपोआप ओळी भरणारी सोय सरळ बंद ठेवावी आणि चॅटमध्ये ‘माझं कुठे चुकलं?’ एवढंच विचारावं. रुग्णालय किंवा बँकेचा कोड बाहेर जाता कामा नये. तिथे ओलामा या सॉफ्टवेअरवर क्वेन कोडरसारखं खुलं मॉडेल आपल्याच संगणकावर चालवता येतं. ते महागड्या मॉडेलइतकं हुशार नसतं, पण कोड घरात राहतो.

सगळ्यात जपून राहावं ते कोड न येणाऱ्यांनी. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटने, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. अशा साधनाकडून दुकानातल्या मालाची यादी ठेवणारं ॲप खुशाल बनवून घ्या. ग्राहकांचे पैसे आणि आधार क्रमांक त्यात घालू नका.

आणि वर्षाची वर्गणी भरण्याआधी, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं तुमच्याच कामातलं एक काम त्या साधनाला देऊन पाहा.