पडद्यामागची पेटी

भाऊबीजेला अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या बहिणीकडे गेलो, की ओवाळणी टाकून मी रात्री घरातून नाहीसा होतो, अशी तिची जुनी तक्रार आहे. दोष माझा नाही, मंडईचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. (गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, नाटकाच्या वेडाला त्याची खबर नाही.) दिवाळी उलटली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक हवेच. वडशाहून कंपनीची गाडी येते, धान निघालेल्या बांधीत मांडव पडतो आणि पहाटेपर्यंत माणसे शाली पांघरून बसतात. होळीपर्यंत हा मोसम.

गतवर्षी मी मांडवात न बसता विंगेत बसलो. तेथे एक म्हातारबा पत्र्याची पेटी उघडून बसले होते. कंपनीत त्यांना 'प्रॉपर्टीवाले' म्हणतात. जाहिरातीत त्यांचे नाव नसते. पेटीत लाकडी बंदूक, पोलिसाचा पट्टा, दारूची बाटली (आत काळा चहा), आणि पत्रांचा एक गठ्ठा. पत्रे कोरी असतील असे मला वाटले होते. पण त्यांवर मोठ्या अक्षरांत पूर्ण मजकूर होता! येथला नट आज एका कंपनीत, उद्या दुसऱ्या, तालमी बेताच्याच. प्रॉम्प्टरचा आवाज पोहोचला नाही तर हातातले पत्रच त्याला तारते. बाज, पाळणा असले अवजड सामान गावातूनच मागून आणायचे आणि उजाडायच्या आत ज्याचे त्याला पोहोचवायचे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, हे मी वर्गात दरसाल सांगतो. धनुष्यावाचून स्वयंवर कसले? पण ते धनुष्य सांभाळले कोणी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या रात्रीच्या नाटकात दारुडा नवरा बायकोचे मंगळसूत्र हिसकावतो. ते एका झटक्यात तुटले पाहिजे. म्हणून म्हातारबा दर प्रयोगानंतर काळे मणी कच्च्या सुती दोऱ्यात नव्याने ओवतात. काही वर्षांपूर्वी एका मदतनीस पोराने, टिकाऊ म्हणून, नायलॉनचा दोरा घातला. मंगळसूत्र तुटले नाही. नटीचा गळा कापला. तिने रक्त पदराखाली झाकून प्रवेश पुरा केला. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. त्या दिवसापासून म्हातारबांनी दुसऱ्या कोणाच्या हाती तो दोरा दिलेला नाही.

आणि आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"होळी झाली का करतो जी आपरेशन," ते म्हणाले. मोसम चुकला तर वर्षाची कमाई चुकते. २०२० साली कोरोनाने प्रयोग बंद पडले, तेव्हाचे देणे अजून फिटलेले नव्हते. "मालकाले सांगू नका. दिसत नाही म्हणून कळलं, तर पेटी दुसऱ्याले देईन तो."

मग थोडे थांबून, माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तेवढी सुई ओवून द्या जी."

चष्मा वरखाली करीत मी कशीबशी सुई ओवली. बोटांनी चाचपत त्यांनी मणी ओवले, दोरा दोनदा ओढून पाहिला आणि मंगळसूत्र नटीच्या हाती दिले. तिने ते डोळ्यांना लावून गळ्यात घातले.

प्रवेश आला. नवऱ्याने हात घातला. मी श्वास रोखला. दोरा तट्‌कन तुटला, मणी रंगमंचभर उधळले, मांडवात बायकांचे हुंदके फुटले. म्हातारबांनी फक्त नटीच्या गळ्याकडे मान वळवली. "लागलं नाही ना जी?" त्यांनी मला विचारले. मी नाही म्हणालो.

दिवे मालवताच ते गुडघ्यांवर रंगमंचावर गेले. पुढच्या प्रवेशात लावणी होती, पोरी अनवाणी नाचणार होत्या. ऑर्गन वाजू लागला. विजेरी हाती घेऊन मीही मागोमाग रांगलो. ते तळहाताने फळ्या पुसत मणी मोजत होते.

"तीन कमी हायेत," ते कुजबुजले. "तुमच्या पायापाशी पाहा जी."

दोन तेथे होते.