हौशी रेडिओतील ‘क्यू’ संकेत : एक भाषिक टिपण

हौशी रेडिओचालकांच्या संदेशांत ‘क्यू’ या रोमन अक्षराने आरंभ होणारे त्र्यक्षरी संकेत आढळतात. १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने अशा संकेतांना मान्यता दिली. मोर्स लिपीत प्रश्नचिन्हासह ‘क्यूटीएच’ पाठविल्यास ‘आपले स्थान कोणते?’ असा प्रश्न होतो. ‘क्यूटीएच भातकुली’ हे त्याचे उत्तर. दोघांची मातृभाषा भिन्न असली तरी अडत नाही. ध्वनिसंभाषणात मात्र संकेताचे नाम होते : ‘माझा क्यूटीएच भातकुली’. शुद्धतावाद्यांना हे खटकते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही भाषेची स्वाभाविक प्रवृत्तीच होय. तथापि ‘क्यूआरएम’ (अन्य प्रक्षेपणांचा व्यत्यय) आणि ‘क्यूआरएन’ (वातावरणातील विजेची खरखर) यांतील भेद पुसट होणे घातक आहे. पहिल्यावर वारंवारता किंचित बदलणे हा उपाय चालतो, दुसऱ्यावर बहुधा नाही. २००१ च्या भुज भूकंपात दूरध्वनी बंद पडले असता हौशी चालकांनीच संदेश पोहोचविले. अशा वेळी चुकीचा उपाय करण्यात मोलाची मिनिटे जातात.