गाड्या बनवणाऱ्या शहराची सिम्फनी : डेट्रॉईटला जमलं, पिंपरीचं काय?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेज, किशोरकुमारची गाणी आणि 'वन्स मोअर'. पण दुसराही एक ऑर्केस्ट्रा असतो. सत्तर-ऐंशी वादक, व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंत वाद्यं, समोर कंडक्टर. हा ऑर्केस्ट्रा शहर कसं वाजवतो?

एक पद्धत म्हणजे वाद्यांवर शहराची नक्कल करायची. जॉर्ज गर्शविन त्याच्या पुढं गेला. 1928 च्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'मध्ये त्यानं टॅक्सीचे खरेखुरे हॉर्नच वादकांच्या हातात दिले. 1995 मध्ये स्टीव्ह राईशनं 'सिटी लाईफ'साठी न्यूयॉर्कमधले हॉर्न, आपटणारी दारं, एअर ब्रेक असे आवाज कीबोर्डमध्ये भरले. पट्टी दाबली की हॉर्न, तोही तालात!

पण पिंपरीकरांनी बघावं ते डेट्रॉईटकडं. फोर्ड आणि जनरल मोटर्सचं हे शहर 2013 मध्ये दिवाळखोरीत गेलं. त्यानंतर एमआयटीचे संगीतकार टॉड मॅकोव्हर यांनी तिथल्या लोकांना सांगितलं, तुमच्या शहराचे आवाज रेकॉर्ड करून पाठवा. हजारो आवाज जमले, त्यात गाड्यांच्या कारखान्यांतलेही होते. त्यातून बनलेली 'सिम्फनी इन डी' नोव्हेंबर 2015 मध्ये डेट्रॉईट सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवली. स्टेजवर शहरातली माणसंसुद्धा होती.

आता पिंपरीत काय मिळेल? 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तेव्हापासून इथं कारखान्यांचा आवाज आहे. भोसरीतल्या वर्कशॉपमधला पॉवर प्रेस, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले कंटेनर, शिफ्टच्या बस, लोणावळा लोकल. आणि आषाढीच्या आधी देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला येणाऱ्या तुकोबांच्या पालखीचे टाळ-मृदंग. हे डेट्रॉईटकडं नाही.

टाळ-मृदंग आणि व्हायोलिन जमेल का? झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं 'पेशकार' 2015 मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं वाजवलंय. म्हणजे वाट आहे, वादकही तीन-चार तासांच्या अंतरावर आहेत.

मेख वेगळीच आहे. आपल्याला लय वाटणारा प्रेसचा आवाज तिथं आठ तास उभं राहणाऱ्याला त्रास असतो. वर्षानुवर्षं तो ऐकून कान जातात. म्हणून आवाज निवडायचं काम संगीतकाराच्या आधी त्याच्याकडं जायला हवं. तो कदाचित प्रेस पाठवणारच नाही. शिफ्ट सुटल्याचा भोंगा पाठवेल.