डोके फुटले नाही, तरीही…

रत्नागिरीजवळ जांभ्याच्या सड्यावर एखाद्या शाळेच्या मैदानात कबड्डी रंगली आहे, असे समजू. पकड करताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. रक्त नाही, टेंगूळही लहानसे. एक मुलगा उठतो, ‘काही नाही झालं, सर’ म्हणतो आणि चुकून समोरच्या संघात जाऊन उभा राहतो. सगळे हसतात. खेळ तिथेच थांबवायला हवा.

मेंदूला बसलेल्या अशा हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवला, की करवंटी शाबूत असूनही आतला सुटलेला गोटा खुळखुळतो. मेंदू गोट्यासारखा टणक नाही. तो मऊ असून कवटीत द्रवावर तरंगत असतो. डोके एकदम थांबले किंवा गर्रकन वळले, की तो आतल्या आत हलतो आणि त्यातील चेतातंतू ताणले जातात. पेशींतले क्षारांचे संतुलन बिघडते. ते सावरायला जास्त ऊर्जा लागते, पण नेमका तेव्हाच तिचा पुरवठा तुटपुंजा असतो. हा बिघाड कामातला असल्यामुळे स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. हेल्मेट कवटी वाचवते. हा हादरा मात्र पूर्णपणे टाळू शकत नाही.

बेशुद्धी आली तरच मार गंभीर, हा आपल्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. शून्य नजर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, तोल जाणे, मळमळ, डोकेदुखी, उजेड सहन न होणे, ही लक्षणे शिक्षकाला दिसू शकतात. ‘शेवटचा गुण कोणी घेतला?’ असे विचारून पाहावे. मात्र उत्तर बरोबर आले म्हणून मुलाला पुन्हा खेळायला सोडू नये.

जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत लेन पास्कोचा चेंडू संदीप पाटील यांच्या डोक्यावर आदळला. ६५ धावांवर त्यांना मैदान सोडावे लागले, तरी दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीला आले. पुढच्याच ॲडलेड कसोटीत त्यांनी १७४ धावा काढल्या. आम्ही सर्वांनी या धैर्याचे कौतुक केले, आणि ते धैर्य होतेच. पण शाळकरी मुलांपुढे हा कित्ता ठेवू नये. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला जीवघेणी सूज येते. क्रिकेटने १ ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम केला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. तो डाव संपेपर्यंत खेळला, पण नंतर त्याच्या जागी चहल उतरला.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, लहानमोठ्या बाहुल्या, हातापायांतली ताकद जाणे, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, जागे करूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नये. कांदा हुंगवणे, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणे हे उपाय घातकच.

रात्रभर जागे ठेवायचे का? डॉक्टरांनी तपासले असेल आणि मूल नीट बोलत असेल, तर झोपू द्यावे. मात्र जवळ कोणीतरी हवे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास, आणि खेळ सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. वाडीवरच्या मुलाला संध्याकाळच्या एस.टी.त एकटे बसवून देऊ नये. मार कधी बसला, नंतर मूल काय बोलले, किती वेळा ओकले, हे वेळेसह कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावे. डॉक्टर हेच विचारतात आणि घरच्यांनी तर काहीच पाहिलेले नसते.