मांडव्याचा बंगला आणि थकलेला पगार

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याच्या जेट्टीला लागते. तेथून अलिबागच्या रस्त्याला लागले की मुंबईच्या धनिकांची फार्महाऊसे सुरू होतात. त्यांतलीच समुद्राकाठची सुमारे १७ एकरांची एक मालमत्ता मे २०१७ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) ताब्यात घेतली. तिची किंमत शंभर कोटींच्या घरात सांगितली गेली. कागदावर ती एका कंपनीच्या नावे होती, पण ईडीच्या म्हणण्याप्रमाणे तिचे खरे धनी होते किंगफिशर एअरलाइन्सचे विजय मल्ल्या.

मल्ल्यांच्या चैनीच्या कहाण्या वर्तमानपत्रांनी भरपूर छापल्या. त्या उगाळण्यात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न साधा आहे. विमान कंपनी बुडाली तेव्हा आधी कोणाचे पैसे बुडाले आणि शेवटी कोणाला मिळाले? हा प्रश्न आज रायगडात विचारलाच पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात विमानतळ आला आहे आणि आपली मुले तेथे नोकरीच्या रांगेत उभी आहेत.

किंगफिशरचे पहिले विमान मे २००५ मध्ये उडाले. ऐटबाज सेवा, प्रत्येक खुर्चीसमोर पडदा, लाल गणवेश यांचा गाजावाजा झाला. २००७ मध्ये मल्ल्यांनी स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन ताब्यात घेतली. २००८ मध्ये परदेशी उड्डाणे सुरू केली. त्याच वर्षी इंधनाचे भाव कडाडले आणि पाठोपाठ जगभर मंदी आली. कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही, तरी बँका कर्ज देत राहिल्या. २०११ मध्ये तर बँकांनी कर्जाच्या काही भागाचे शेअर घेतले, आणि तेही बाजारभावापेक्षा चढ्या दराने! ‘किंगफिशर’ हे नावसुद्धा तारण म्हणून चालले. पुढे एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी त्या नावाचा लिलाव पुकारला तेव्हा बोली लावायला कोणी आले नाही. दहा-वीस हजारांच्या कर्जासाठी महामंडळाच्या दारात दोन-दोन जामीनदार उभे करणाऱ्या आमच्या तरुणांनी हे नीट लक्षात ठेवावे.

२०१२ उजाडले आणि पगार थांबले. कित्येक महिने पगार नाही म्हणून सप्टेंबरअखेर अभियंते आणि वैमानिकांनी काम बंद केले. कंपनीने टाळेबंदी केली. २० ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. त्याच महिन्यात दिल्लीत एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने आत्महत्या केली. नवऱ्याचा पगार येत नव्हता, घर चालत नव्हते. आणखी एक गोष्ट उघड झाली. पगारातून आयकर कापला गेला होता, पण तो सरकारजमा झाला नव्हता. पगार बुडाला तो कर्मचाऱ्याचा आणि आयकर खात्याच्या नोटिसाही कर्मचाऱ्यालाच!

मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देश सोडून गेले. त्या वेळी ते राज्यसभेचे खासदार होते आणि १७ बँकांचे व्याजासह सुमारे नऊ हजार कोटी रुपये थकले होते. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले. जप्त मालमत्ता आणि शेअर विकून वसुली झाली. मल्ल्यांच्या प्रकरणात १४ हजार १३१ कोटी रुपये सार्वजनिक बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. बँकांचा पैसा हा जनतेचा पैसा, तो परत आला याचा आम्हाला आनंदच आहे. पण कर्मचाऱ्यांचे काय? त्यांच्या थकबाकीसाठी सुमारे ३१२ कोटी रुपये मोकळे करण्याचा आदेश डिसेंबर २०२५ मध्ये निघाला. म्हणजे विमाने थांबल्यावर तेरा वर्षांनी! तेरा वर्षांत कोणाची मुले शिक्षण सोडून बसली असतील, कोणी निवृत्तीच्या वयाला पोहोचले असतील. उशिरा आलेला पगार गेलेली वर्षे भरून देत नाही.

हे एका मल्ल्यापुरते असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. १९९३ मध्ये सुरू झालेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिला पुन्हा उडवण्याच्या योजनेत पाच वर्षे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून तिच्या कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. तिच्याही नशिबी अवसायनच आले.

२०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने कंपनी मोडल्यावर पैसे वाटण्याची रांग ठरवली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका, दोघे एका पायरीवर. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी. भविष्य निर्वाह निधीला या वाटपाबाहेर संरक्षण आहे. कागदावर हे बरे दिसते. पण विमान कंपनीजवळ विकायला असते काय? बहुतेक विमाने भाड्याची, आणि ती मालक परत नेतात. रांग कितीही न्यायाने लावली तरी भांड्यात काही उरलेच नसेल तर वाढणार काय?

रांगेचा हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की आधी खोताचा वाटा निघे आणि उरेल ते कुळाचे. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला आणि बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. राबणाऱ्याचा वाटा शेवटी का, हाच तेव्हाचा सवाल होता. आजचा सवालही तोच आहे.

विमान वाहतूक १९५३ मध्ये राष्ट्राच्या मालकीची झाली होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना मोकळे रान मिळाले आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही टाटांकडे गेली. सार्वजनिक कंपनीत आमच्या मुलांना आरक्षणाने दार उघडले होते. खाजगी कंपनीत ते दार नाही. नफ्यात वाटा नाही, नोकरीत हक्क नाही, पण कंपनी बुडाली की तोट्यात वाटा मात्र आहे.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. त्यासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावे उठली. आता गावोगावी विमानतळावरील नोकरीच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती लागतात. मुलांनी जरूर जावे. पण सामान चढवणारा, सफाई करणारा पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस असतो. विमान कंपनी बुडाली की तिच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचे नावही नसते. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक जबाबदार, असे कायदा म्हणतो. पण मूळ मालकच बुडाला तर?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परवाना देतानाच कंपनीकडून काही महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून घ्यावी आणि तिला बँकेने हात लावू नये. सलग दोन महिने पगार थकला की सरकारने हिशेब तपासावा, विमाने जमिनीवर येण्याची वाट पाहू नये. ठेक्यावरच्या कामगाराचे नावही त्या यादीत असावे.

आणि नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. नेमणूकपत्र घ्या. भविष्य निर्वाह निधीची रक्कम दर महिन्याला खात्यात जमा होते का, कापलेला कर सरकारजमा होतो का, हे स्वतः पाहा. युनियनमध्ये जा. चरीचे शेतकरी एकत्र राहिले म्हणून सहा वर्षे टिकले. एकेकटे राहाल तर तेरा वर्षे वाट पाहाल!