वीस शर्यती, एकशेवीस गुण: बेगम बाजारातून स्पीडवे

गणेशोत्सवात मंडळाचा कार्यक्रम रंगात आलेला असताना आम्ही पाच-सहाजण शनिवारी रात्री दहाच्या सुमारास हळूच उठून जातो, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं आहे. कुठे जाता अशी विचारणा झाली. कार्यकारिणीतल्या एका काकूंनी तर ‘पत्ते बसतात का?’ असं सरळच विचारलं. पत्ते बसत नाहीत. आम्ही बेगम बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर बसून स्पीडवे बघतो. ‘मग ते काय असतं ते लिहून द्या, वेबसाइटवर घालू,’ असं ठरलं, म्हणून हा लेख.

स्पीडवे म्हणजे मोटरसायकलींची शर्यत. लंबगोल मातीचा ट्रॅक, साधारण पाव किलोमीटर ते चारशे मीटर लांबीचा. चार स्वार, चार फेऱ्या, सगळ्या डावीकडे वळत. एक शर्यत जेमतेम मिनिटभराची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य. नियम इतकेच असते तर आम्हीही चार शनिवारांत कंटाळलो असतो.

गाडीपासून सुरुवात करू. एकच सिलिंडर, ५०० सीसीचं इंजिन, इंधन म्हणून पेट्रोल नव्हे तर मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत. पुढेही नाही, मागेही नाही. वजन कमीत कमी ७७ किलो असावं असा नियम आहे. म्हणजे आपल्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. ब्रेक का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं की अरुंद ट्रॅकवर चौघे एकमेकांना खेटून चाललेले असतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावरच चढणार. कोणाकडेच ब्रेक नसले की पुढचा एकदम थांबणार नाही याची निदान खात्री असते. वेग कमी करायचा तो गाडी आडवी घसरवून. वळणावर मागचं चाक बाहेर फेकलं जातं, स्वार डावा पाय मातीवर टेकवतो (त्या बुटाला खाली पोलादी तळ असतो), आणि गाडी डावीकडे वळत असताना तिचं पुढचं चाक मात्र उजवीकडे वळलेलं दिसतं. पहिल्यांदा बघताना हा पडणार असंच वाटतं.

नामपल्लीच्या नुमाइशमधला ‘मौत का कुआँ’ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कठड्यावरून वाकून बघितलेला आहे. अनेकांना स्पीडवे त्याचाच भाऊ वाटतो. गोल फिरणं सारखं आहे, बाकी फरक मोठा आहे. कुएँमध्ये वेगामुळे गाडी भिंतीला दाबली जाते. भिंत स्वाराला धरून ठेवते. स्पीडवेत जमीन जवळपास सपाट, धरायला काही नाही. जी पकड मिळते ती मागच्या चाकाने माती उकरून मिळवायची. शिवाय कुएँतला माणूस प्रेक्षकाच्या हातातली नोट घेण्यासाठी फिरतो, इथे शेजारी तिघे त्याच्या आधी वळणावर पोचायला टपलेले असतात.

ज्यांच्या घरी कधीकाळी जावा किंवा येझदी होती त्यांच्यासाठी एक गंमत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या गाड्यांचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. त्याच देशात दिविशोव नावाच्या गावात ‘एसो’ नावाने स्पीडवेच्या गाड्या बनत. १९६४ साली तो कारखाना जावात विलीन झाला. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर सहा वेळा जगज्जेता झाला, त्यातली काही विजेतेपदं त्याने जावावर मिळवली. आपली जावा दोन स्ट्रोकची आणि त्याची चार स्ट्रोकची, तेव्हा नातं लांबचंच, पण टाकीवरचं नाव तेच. आज बहुतेक स्वारांकडे इटलीत बनलेली जीएम इंजिनं असतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आम्ही हा खेळ बघतो त्यापेक्षा जास्त लिहितो. आमच्यातल्या एकाचा भाचा नोकरीनिमित्त पोलंडमध्ये व्रोत्सवाफला गेला. (पोलंड म्हटलं की मराठी माणसाला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. उलट दिशेने गेलेल्या भाच्याने तिथून स्पीडवे आणला.) त्याने स्टेडियमवर विकत मिळणारी कार्यक्रमपत्रिका पाठवली. तीत प्रत्येक शर्यतीचा कोरा तक्ता छापलेला होता आणि भाच्याने तो पेन्सिलीने भरलेला होता. तिथे हजारो माणसं मांडीवर पत्रिका ठेवून असंच लिहीत बसतात म्हणे. आमच्या घरांत तीन-तीन पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात गेल्या. तो कागद बघून आम्हाला काही शिकवावं लागलं नाही.

वैयक्तिक स्पर्धेत १६ स्वार असतात आणि मूळ शर्यती २०. प्रत्येक जण पाच वेळा धावतो, दर वेळी तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पंधरा. तक्ता असा बसवलेला असतो की हे पंधरा प्रतिस्पर्धी म्हणजे उरलेले पंधराही जण, प्रत्येक जण एकदाच. कोणाची कोणाशी दुसऱ्यांदा गाठ नाही आणि कोणी कोणाला चुकवूही शकत नाही. सोळा जणांच्या जोड्या करून बघा: १२० होतात. एका शर्यतीत चौघांच्या सहा जोड्या, वीस शर्यतींत १२०. बरोब्बर.

त्याच्या पुढची गोष्ट आमच्यातल्या एका शिक्षकबाईंच्या लक्षात आली. पहिल्याने तिघांना मागे टाकलं, त्याला ३. दुसऱ्याने दोघांना, त्याला २. तिसऱ्याने एकाला, त्याला १. शेवटच्याने कोणालाच नाही. म्हणजे गुण हे बक्षीस नाही, ती मोजणी आहे: किती जणांना हरवलं. एखाद्याच्या नावापुढे ११ लिहिले असतील तर त्याने पंधरापैकी अकरा जणांना हरवलं आणि चौघांकडून हार खाल्ली, आणि ते चौघे कोण हेही तक्त्यात शोधता येतं. पंधरापैकी पंधरा म्हणजे अक्षरशः सगळ्यांना. एका शर्यतीत ३+२+१ असे सहा गुण, वीस शर्यतींचे १२०. रात्री बेरीज १२० आली की ताळा जमला. ११९ आली तर घाबरू नका, कुठल्यातरी शर्यतीत दोघांनी ती पूर्णच केली नसेल आणि तिसऱ्या क्रमांकाचा गुण कोणालाच मिळाला नसेल. तो शोधल्याशिवाय आम्ही झोपत नाही.

हेल्मेटचे रंग लिहून ठेवायला विसरू नये. आतल्या बाजूने पहिला लाल, मग निळा, पांढरा आणि पिवळा. सुरुवातीची जागा फार महत्त्वाची, कारण पहिलं वळण ज्याने घेतलं त्याचीच बहुतेक शर्यत. पण कुठली जागा चांगली हे रात्रभर बदलत जातं. चाकांनी उकरलेली माती हळूहळू बाहेरच्या कडेला साचते. तिथे पकड जास्त मिळते, आणि नवव्या-दहाव्या शर्यतीनंतर बाहेरून येणारा पिवळा एकदम धोकादायक होतो. मधूनमधून ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, पाणी मारतो, की गणित पुन्हा पालटतं. म्हणून एखाद्याला शून्य मिळालं म्हणून तो वाईट असं लगेच म्हणू नये. कुठल्या रंगात आणि कितव्या शर्यतीत ते आधी पाहावं.

आमच्या वहीत गुणांखेरीज काही अक्षरंही असतात. ‘प’ म्हणजे पडला. ‘इ’ म्हणजे इंजिनने दगा दिला. ‘फ’ म्हणजे सुटण्याआधीच सुरुवातीच्या फितीला स्पर्श केला. ‘ब’ म्हणजे पंचांनी बाद ठरवला. ज्याच्यामुळे शर्यत थांबवावी लागली त्याला वगळून उरलेल्यांची ती पुन्हा घेतात.

या खेळाचा जन्म बहुतेक जण ऑस्ट्रेलियातला मानतात, वेस्ट मेटलंड गावात, १५ डिसेंबर १९२३ रोजी. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३६ साली लंडनच्या वेम्ब्लीवर झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग जिंकला. १९९४ पर्यंत जगज्जेता एकाच रात्रीत ठरत असे. पाच वेळा धावायचं, बस. एक चेन तुटली की वर्ष गेलं. १९७३ साली पोलंडमध्ये खोझूफच्या प्रचंड स्टेडियमवर घरचा येझी श्चाकेल आणि आयव्हन मेजर दोघेही १३ गुणांवर आले. निर्णायक जादा शर्यतीत मेजर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. दुसरा मिळायला २०१० साल उजाडलं: तोमाश गोल्लोब. ज्या देशात या खेळाच्या लीगला भरगच्च गर्दी होते तो देश सदतीस वर्षं थांबला. आता त्यांच्याच बार्तोश झ्मार्झलिकने कसर भरून काढली आहे. २०२५ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कुर्ट्झला अवघ्या एका गुणाने मागे टाकून त्याने सहावं अजिंक्यपद घेतलं आणि मेजर व स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांची बरोबरी केली.

१९९५ पासून वर्षभरात अनेक शहरांत ग्रां प्री होतात. पूर्वी शर्यतीत मिळालेले गुणच वर्षाच्या बेरजेत जात. २०२० पासून त्या रात्रीच्या क्रमांकानुसार वेगळे गुण देतात: पहिल्याला २०, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १६, असे उतरत. आम्हाला हा बदल रुचलेला नाही. मूळ शर्यतींत चौदाजणांना हरवणारा माणूस अंतिम शर्यतीत मागे पडला की त्याच्या चौदा गुणांना वर्षाच्या खात्यात जागाच नाही. नोंद एका वहीत आणि ताळेबंद दुसऱ्याच वहीवरून, असला प्रकार बेगम बाजारात कोणी खपवून घेणार नाही. म्हणून आम्ही जुन्या पद्धतीचं खातंही सोबत चालू ठेवलं आहे.

आता एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या या पाच-सहा घरांपैकी एका घरातला कर्ता मुलगा रस्त्यावरच्या मोटरसायकल अपघातात गेला. त्या घरातल्या वहिनींनी एकदा विचारलं, ‘बिनब्रेकच्या गाड्या तुम्हाला बघवतात कशा?’ आम्ही सांगितलं की वळणांवर हवेच्या गाद्यांचं कुंपण असतं, स्वाराच्या मनगटाला दोरी बांधलेली असते आणि तो पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं, डॉक्टर आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही, समोरून कोणी येत नाही. सगळं खरं आहे. पण हेही खरं आहे की मे २०१२ मध्ये व्रोत्सवाफला इंग्लंडचा ली रिचर्डसन पडला आणि त्याच दिवशी गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये झेलोना गुराला लीगच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड पडला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि त्याच्याइतकी गाडी हातात असलेला दुसरा स्वार आम्हाला दिसत नव्हता. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. वहिनींना द्यायला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

एवढं झालं की माडीवर काही रीत पडली. कोणी पडलं आणि लाल दिवे लागले की पेन्सिली खाली ठेवायच्या. अपघाताचं दृश्य पुन्हा दाखवू लागले की आवाज बंद, नजर दुसरीकडे. स्वार उठून चालू लागला की मगच ‘प’ लिहायचा. पोरांना बरोबर आणायचं तर हेल्मेट घालून आलेल्या गाडीवरूनच. घासबाजारपासून माडीपर्यंत दोन गल्ल्यांचं अंतर असलं तरी. वहिनी स्पर्धा बघत नाहीत. रविवारी सकाळी वही मात्र त्यांच्याकडे जाते, कारण दुकानाचे हिशेब त्याच बघतात आणि आमच्या बेरजांवर त्यांचा विश्वास नाही.

प्रत्यक्ष असं काही बघायचं असेल तर जवळपास थोडंफार मिळतं. हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ई झाली तेव्हा आम्ही गेलो होतो. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला, गर्दी छान होती, पण विजेच्या गाड्यांना ना वास ना धूळ, आणि पुढच्या वर्षीची शर्यत तर रद्दच झाली. मातीवरचं बघायचं तर पुण्याकडे डोळे लावावेत. सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत झाली. तो उड्यांचा खेळ, स्पीडवेपेक्षा वेगळा, पण चाकाखालून उडणारी माती तीच.

ग्रां प्री साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर चालतात. बहुतेक तिथल्या संध्याकाळी सातला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. दुकानं बंद होऊन जेवणं उरकलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी रविवार. पोलिश लीगचे सामने शुक्रवारी आणि रविवारी असतात. तिथे दोन संघ, पंधरा शर्यती, एकूण ९० गुण. ४६ झाले की सामना खिशात. नवख्याने लीगपासून सुरुवात करावी, दोनच बाजू असल्याने लवकर कळतं.

माडीवर यायचं असेल तर आधी निरोप द्यावा, खुर्च्या आठच आहेत. तक्ते आम्ही काढून ठेवतो, चहा पाचव्या शर्यतीनंतर. येताना पेन्सिल आणावी, पेन नको. पंच बाद ठरवतात, शर्यत पुन्हा घेतात, आणि लिहिलेलं पुसावं लागतं. खोडरबर आमच्याकडे आहे.